कागदात नसलेली शेड

"मामा, तिसऱ्यांदा वाचतोयस. उद्या परीक्षा आहे का तुझी?"

ऑर्विल क्रमने भाचीकडे पाहिलंही नाही. पोलिसगाडीच्या बॉनेटवर झडतीचं वॉरंट पसरून तो एकेका ओळीवरून बोट फिरवत होता. ओहायोतल्या या काउंटीत बेचाळीस वर्षं कुलुपं उघडून ते बोट वाकडं झालं होतं.

"घर लिहिलंय. घर उघडून दिलं," तो म्हणाला. "रस्त्यापलीकडची शेड यात नाही."

"घरात चोरीचं काही मिळालं नाही म्हणून तर शेड उघडायचीय!" डार्लीन शेरीफची डेप्युटी होती आणि थंडीने तिचं नाक लाल झालं होतं.

"मग जजसाहेबांना तसं सांग. लिहून देतील."

"जाऊन-येऊन ऐंशी मैल आहे, मामा. आणि कुणासाठी? त्या थर्मनसाठी?"

थर्मन हक आपल्या ओसरीवर कॉफी पीत मजा बघत होता. गावात त्याच्याबद्दल दुमत नव्हतं. चर्चमध्येसुद्धा लोक त्याच्या बाकावर छत्री ठेवत नसत.

ऑर्विल मात्र थर्मनसाठी अडलाच नव्हता.

एकोणीस वर्षांपूर्वी तेव्हाचा शेरीफ म्हणाला होता, "उघड रे, कागद मागून येतोय." ऑर्विलने मिसेस ओपल स्ट्रँडचं दार अर्ध्या मिनिटात उघडलं. आत म्हातारी एकटीच न्याहारी करत होती. पाच माणसं घुसली, गाद्या फाडल्या, पिठाचा डबा उपडा केला. हवा होता तो माणूस दुसऱ्याच गावात सापडला. कागद काही आला नाही. शेरीफ पुढच्या निवडणुकीत आणखी जास्त मतांनी निवडून आला.

आठवड्याने ऑर्विल नवंकोरं कुलूप घेऊन गेला. ओपलबाई शांतपणे म्हणाल्या, "जुनंही चांगलंच होतं रे. त्याचा काही दोष नव्हता."

त्यानंतर त्यांनी दाराला कडी म्हणून लावली नाही. ऐन जानेवारीतही नाही. तिसऱ्या हिवाळ्यात न्यूमोनियाने गेल्या. तेव्हापासून कुठलंही कुलूप टक्कन उघडलं, की ऑर्विलला आतून खुर्ची मागे सरकल्याचा आवाज येई. रिकाम्या घरातूनही. एकदा तर बँकेच्या तिजोरीतून आला, तेव्हा मॅनेजरच्या देखत त्याने "माफ करा, बाई" म्हटलं होतं.

"तोडायची तर तोड," तो डार्लीनला म्हणाला. "पण कोर्टात विचारलं, तर पाहिलं तेच सांगेन."

"पुढच्या वेळी ऑफिस दुसऱ्या गावचा माणूस बोलावेल, कळलं का?"

"बोलावू दे."

दाणकन दार आपटून डार्लीन गाडी घेऊन जजकडे निघाली. ऑर्विल शेडच्या पायरीवर जाऊन बसला.

थर्मन रस्ता ओलांडून आला. "माझ्याच शेडमध्ये जाऊ देणार नाहीस?"

"जा की. अडवणारा मी कोण? पण मी इथंच बसून बघणार."

थर्मनने जरा विचार केला. "तुझ्यासाठी कॉफी आणणार नाही हं मी."

"मागितली नाही."

दोघं तीन तास तसेच बसले. बर्फ भुरभुरायला लागलं.

डार्लीन नवा कागद घेऊन आली. ऑर्विलने चष्मा पुसून सगळा वाचला, तारखेसकट. मग कुलपात आकडा घातला. टक्. डोळे मिटून त्याने खुर्चीचा तो आवाज येऊन जाऊ दिला आणि बाजूला झाला. आत डोकावला नाही. कागदात त्याचं नाव नव्हतं.

अग्निशमन दलाचा जनरेटर बाहेर आला. दोन यांत्रिक करवती आल्या. मग एक ॲल्युमिनियमची शिडी आली. तिच्या खालच्या पायरीवर रंगाने लिहिलेलं होतं: ऑर्विल क्रम, कुलुपं व किल्ल्या.

डार्लीनने शिडीकडे पाहिलं, मग मामाकडे. मामा थर्मनला म्हणाला, "दोन वर्षं माझी शिडी वापरत होतास तू!"

"तू परत द्यायला सांगितलं होतंस का?" थर्मन म्हणाला.

गाडीत बसवताना बेड्या घातलेला थर्मन वळला. "ए क्रम, शेड उघडी टाकून जाऊ नकोस. माझ्या आईचं शिवणयंत्र आहे आत. ते चोरीचं नाही."

"झालंय ना तुमचं सगळं?" ऑर्विलने भाचीला विचारलं. तिने मान हलवली.

त्याने दार ओढून घेतलं, कुलूप दाबून बंद केलं आणि गाडीतून थर्मनला दिसेल असं दोनदा ओढून पाहिलं.