मधलाच तुकडा

पक्षाघातानंतर आमच्या बाबांची वाचा परत आली, अक्षरं मात्र आली नाहीत. नाव समोर दिसलं तरी कुणाचं ते कळत नाही. व्हिडिओ कॉल लावायचा तर मला हाक. आणि परवापासून एकच धोशा, "कॉल माझा मी लावणार. तू शेजारी नकोस." कुणाला, ते सांगतील तर शपथ! उद्या युहान्नुस, आमच्या फिनलंडचा जूनमधल्या उजेडी रात्रींचा सण, अख्खं गाव तळ्याकाठी नाचायला जमणार, आणि हा माणूस तोंड पाडून बसलेला. बघवेना मला.

मग सुचलं. कॉम्प्युटरवर प्रत्येकाचा एक आयकॉन ठेवायचा, त्यावर टिचकी मारली की त्या माणसाला कॉल. चेहरे तर बाबा ओळखतात! तळ्याकाठच्या घरी मीच काढलेले फोटो एका फोल्डरमध्ये टाकले, सगळ्यांचे एकदम आयकॉन करणारा प्रोग्रॅम उतरवून घेतला आणि दाबलं बटण. फटाफट तीसेक फाइली तयार! मी खुर्चीत गरागरा दोन गिरक्या घेतल्या, आयकॉन जागेवर लावले आणि बघते तर काय, एकही चेहरा नाही!

प्रोग्रॅमला हवा होता चौकोन. त्यानं प्रत्येक आडव्या फोटोचा मधला तुकडा ठेवला आणि कडा उडवल्या. आणि आमची फिनिश माणसं! फोटो म्हटला की कडेला सरकणार, मधली जागा दुसऱ्या कशाला तरी देणार. वेइक्कोकाकांच्या जागी मासा. एइलाआत्याच्या जागी थर्मास. एकाच्या जागी तर नुसती लाकडांची रास. कपाळावर हात मारून घेतला मी.

"बाबा, थांबा हं, सगळं पुन्हा करते."

"सरक," बाबा काठी टेकत आले. "हा वेइक्को. मासा बाजारातून विकत आणला होता लबाडानं! ही एइला. त्या थर्मासला कुणाला हात लावू देत नाही, चिक्कू कुठली!"

एकही चुकले नाहीत. आम्ही दोघं पोट धरधरून हसत होतो. मग त्यांचं बोट एका रिकाम्या बाकावर थांबलं. खाली नाव तळ्यापलीकडच्या काइनोबाईंचं. मी मूळ फोटो उघडला. बाकाच्या या टोकाला त्या, त्या टोकाला बाबा, मध्ये अजून तिघं आरामात बसतील.

"हा तर अगदीच वाया गेला. पुसू?"

"खबरदार!" बाबांचे कान लालभडक. "तू जा बघू आत, सिर्क्कू."

मी गेले. दार अर्थात थोडं उघडं ठेवलं.

"काइनो? मी तौनो. नाही, सिर्क्कू नाहीये, माझा मीच लावलाय. ऐक ना, तुझ्या नावावर इथे नुसता आपला बाक आलाय. मधला, रिकामा."



"तौनो," काइनोबाई म्हणाल्या, "त्या दिवशी तू सरकशील म्हणून मी अंधार पडेपर्यंत बसले होते. आणि जूनमध्ये अंधार पडतच नाही!"

"मला वाटलं, तू सरकशील."

"गाढव आहेस."

"आहे. उद्या नाचायला येतेस?"

"उद्या कशाला? सायकल काढते. आलेच."

धाडकन दार उघडलं. बाबांचा शर्ट अर्धा काढलेला, केस उभे.

"सिर्क्कू! तू आज मैत्रिणीकडे जाणार होतीस ना?"

मी कुठेच जाणार नव्हते. चपला घातल्या आणि पळत सुटले.