अर्ध्या वाक्यांचं दुकान

ठकूच्या घरात पूर्ण वाक्य बोलायची पद्धतच नव्हती. तिचे बाबा शिलाई मशीन दुरुस्त करायचे आणि दुकानाचा सगळा कारभार अर्ध्या वाक्यांवर रेटायचे. “ते जरा...” म्हणाले की ठकूने तेलाची बाटली पुढे करायची. “हे तेवढं बघ” म्हणाले की गिऱ्हाइकाशी गोड बोलून उद्याचा वायदा करायचा. तिला सगळं कळायचं आणि याचा तिला भलताच तोरा होता.

पण सोमवारपासून दूरच्या शहरात तिची नोकरी सुरू होणार होती. मशीनमध्ये डोकं घातलं की बाबांना जगाचं भान नसे, मग गिऱ्हाइकांना सांभाळणार कोण? म्हणून तिने दुकानाच्या कॉम्प्युटरवर एक एआय एजंट कामाला लावला. निरोप पाठवायला एक टूल, सुटे भाग मागवायला दुसरं, अशी टूलं त्याच्या हाती दिली आणि कोणतं कशासाठी, ते प्रत्येकाखाली लिहून ठेवलं. एजंटला तेवढं वाचूनच काम करायचं होतं. त्याला ते जमलं तर ती जाणार होती. नाहीतर नोकरीला नकार कळवायचा, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

निरोपाच्या टूलखाली तिने लिहिलं, ‘मशीन तयार झालं की कळवतं.’ यात न कळण्यासारखं काय आहे?

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच दारात ही गर्दी. पडद्यांचं काम करणाऱ्या बाई होत्या, शाळेचे गणवेश शिवणारे दोघे भाऊ होते, आणखीही बरेच होते. प्रत्येकाच्या मोबाइलवर एकच निरोप, तुमचं मशीन तयार आहे. आत त्यांची मशीनं पोटं उघडी टाकून टेबलावर पडली होती. पडदेवाल्या बाईंनी आपल्या मशीनचं सुटं चाक खिडकीत पडलेलं पाहिलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. बाबांनी ठकूकडे वळून पाहिलं.

“तेवढं ते...” ते म्हणाले. तेवढं म्हणजे केवढं आणि ते म्हणजे कुठलं, हे आयुष्यात पहिल्यांदाच ठकूला कळेना.

हातापाया पडून तिने सगळ्यांना वाटेला लावलं आणि मग झालं काय ते पाहिलं. एकच मशीन खरोखर तयार होतं. एजंटने निरोप पाठवला, पण गिऱ्हाइकाच्या नावाचा रकाना रिकामा सोडला. रकाना रिकामा असला की निरोप सगळ्यांना जातो, हे ठकूला पाठ होतं, कारण टूल तिनेच बनवलं होतं. लिहिलं मात्र कुठेच नव्हतं. तिने आधी एजंटला मनसोक्त शिव्या घातल्या. मग तिला त्याची दया आली. बिचारा काल आलेला, त्याला या घरच्या खाणाखुणा कोण शिकवणार?

ती पुन्हा लिहायला बसली. नाव नसेल तर पाठवू नये, आधी विचारावं. एकदा गेलेला निरोप परत घेता येत नाही. चिंधीवर टीप मारून पाहिल्याशिवाय मशीन तयार म्हणू नये. एकेक गोष्ट तिने बाबांकडून वदवून घेतली आणि पूर्ण वाक्यं बोलता बोलता बाबांना घाम फुटला. दुपारी एकच निरोप गेला आणि एकच बाई आल्या. ठकूच्या जिवात जीव आला.

शेवटचं टूल उरलं होतं, मुलीला फोन लावायचं. हे कधी वापरायचं, असं तिने विचारलं.

“गरज पडली की,” बाबा म्हणाले.

“गरज पडली हे त्याला कसं कळणार? नीट सांगा ना.”

दुकान बंद ठेवावं लागलं तर, कुणी भांडायला आलं तर, आपण आजारी पडलो तर, असं त्यांनी सांगितलं. ठकू टाइप करत गेली.

“आणि कधी वापरायचं नाही?”

बाबा हातातली बॉबिन उगाच फिरवत राहिले.

“मला तुझी आठवण आली म्हणून वापरायचं नाही,” ते म्हणाले. “ती रोज येणार. तेव्हा फोन मी स्वतः करीन.”

ठकूला समोरची अक्षरं दिसेनाशी झाली. तरी टूलच्या कामात चुकारपणा नको म्हणून तिने पुढचा प्रश्न विचारलाच, मी उचलला नाही तर?

“तर परत करीन. तू उचलेपर्यंत.”

ठकूने ते सगळं जसंच्या तसं लिहिलं, डोळे पुसले आणि बॅग भरायला घेतली.