पंचवीसशे वीसची बाकी

एक होती म्हातारी, एक होता तिचा म्हातारा, त्यांचं दहा माणसांचं घर आणि घराएवढाच रुंद गालिच्याचा माग. त्या मागावर एका ओळीत जितक्या गाठी बसतात, तितकी मी. मी पंचवीसशे वीस बोलतेय.

आधी ओळीत अडीच हजार गाठी असायच्या. सगळं घर एका फळीवर शेजारी शेजारी बसून त्या बांधायचं. पण कुणी तापानं पडलं आणि नऊच जण बसले, की वाटून वर सात गाठी उरायच्या. त्या सातांवरून नणंद-भावजयांची जुंपायची. शेवटी म्हातारा वैतागला. म्हणाला, वीस वाढवा, पण तोंडं मिटा. अशी मी जन्मले.

एकपासून दहापर्यंत कशानंही मला भागा, बाकी शून्य. माझ्याहून लहान एकाही संख्येला हे जमत नाही. याचा मला कोण तोरा होता!

मग लोकरीच्या धुळीनं खोकून खोकून म्हातारा गेला. नऊ जण फळीवर थोडे थोडे सरकून बसले. दोनशे ऐंशी प्रत्येकी. त्याच्या नावाची एक गाठसुद्धा उरली नाही. धाकटा थोरल्याशी भांडून दूरदेशी निघून गेला, तर तीनशे पंधरा. पुढं एकाच थंडीत थोरला गेला, मागोमाग म्हातारीचा दीर आणि नणंद. उरले पाच. पाचशे चार. माणसं गळत होती, ओझं वाढत होतं, आणि मी आपली चोख.

म्हातारीचा जीव धाकट्यात अडकलेला. रोज सुनेला म्हणायची, "त्याच्या वाट्याचं ठेव गं थोडं. यायचा तो."

"ठेवू कुठनं, आई? वाटलं की काही उरतच नाही."

मग म्हातारी मागाकडे अशी बघायची, जशी मीच तिची माणसं गिळली. खोटं कशाला सांगू, मलाही तसंच वाटायला लागलं होतं. वर्षं गेली. तिची नजर गेली, बोटं तेवढी चालत राहिली.

एका सकाळी दारात कुणीतरी उभं राहिलं. केस पिकलेले, मागे बायको, हाताशी आलेली चार मुलं. म्हातारीनं त्याचं तोंड चाचपलं. कानामागची लहानपणची खोक बोटाला लागली. "वाळलास," एवढंच म्हणाली, आणि फळीवर जागा करायला सरकली.

अकरा जण बसले. दोनशे एकोणतीस प्रत्येकी. धाकट्याच्या मुलीनं मोजलं, पुन्हा मोजलं.

"आजी, एक गाठ उरतेय. कुणी बांधायची?"

म्हातारीनं हात पुढं केला.

"आण इकडे. ती तुझ्या आजोबांची."

आता त्याच मुलीचं लग्न ठरलंय, नातजावई घरातच राहणार. बारावं माणूस. मी पुन्हा समान वाटली जाईन, दोनशे दहा, आणि बाकी शून्य. होऊ दे. हे शून्य भरल्या फळीचं असेल.