तीन दातांचं टोपण

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता माझ्या नातीची गाडी चालवायची परीक्षा होती, आणि आमच्या गाडीचं ब्रेकचं पेडल उशीवर पाय ठेवावा तसं आत जात होतं.

"उद्याची चुकली तर पुढची तारीख तीन महिन्यांनी," नात म्हणाली. घरात तिला सगळे खार म्हणतात. लहानपणी ती बाटल्यांची, बरण्यांची, कसलीही टोपणं गोळा करून ठेवायची. आता अठरा पूर्ण झाली, तरी तो डबा गॅरेजच्या फळीवर आहेच.

"पेडल घट्ट लागलं तरच गाडी फाटकाबाहेर जाईल," माझा मुलगा, म्हणजे खारीचा बाबा, दारातून म्हणाला. "नाहीतर मेकॅनिक आहेच सोमवारी."

आदल्या दिवशी पुढच्या चाकाची ब्रेकची नळी आम्ही दोघींनी बदलली, तेव्हा आत हवा शिरली होती. ब्रेकच्या तेलात हवा राहिली की पायाचा जोर चाकापर्यंत पोचत नाही, हवाच दबून बसते. ती काढायला माझ्याकडे हातपंपाचा डबा आहे. डब्यातलं तेल दाबानं गाडीत ढकलायचं, चाकाजवळचा स्क्रू सैल करायचा, तेलाबरोबर हवा बाहेर. फक्त डब्याची नळी जोडायला योग्य अडॅप्टर हवा. म्हणजे गाडीच्या ब्रेकच्या तेलाच्या टाकीवर टोपणाच्या जागी बसणारं, मधोमध पितळी तोटी असलेलं झाकण. दुकानदारानं सकाळीच एक दिलं होतं. "डोळे मिटून लावा," म्हणाला होता.

"आधी उलटं फिरव," मी खारीला सांगितलं. "आटे एकमेकांत उतरले की टक् होतं. मग सुलटं."

हे ती चार वर्षांची असताना मी तिला बरणीवर शिकवलं होतं. त्याआधी शाळेतल्या कितीतरी वर्गांना.

खारीनं एक फेरा दिला, दुसरा दिला. "टक् होत नाही, आजी."

"नीट कान दे."

"दिलेत. दोन्ही."

"सर बाजूला." मी फिरवून पाहिलं. टक् नाही. मग मी तळहात टेकवून जोर लावला. झाकण तिरकं झालं आणि टाकीचं प्लॅस्टिक करकरलं.

खारीनं माझं मनगट धरलं. "टक् आल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं कोण सांगायचं?"

"आज बाईंनाच अंगठे धरायला लागणार," दारातून आवाज आला.

मी हात काढला. "मूळ टोपण दे बघू."

टोपण उलटं करून पाहिलं, तर आत आटे नव्हतेच. कडेला तीन दात होते. खाचांत बसवायचे आणि पाव फेरा द्यायचा. आठ वर्षं मी तसलं टोपण काढत आले होते आणि एकदाही आतून पाहिलं नव्हतं.

"म्हणजे टक् का आलं नाही?" मी विचारलं. वर्गात प्रश्न विचारायची सवय जात नाही.

"यायला आटे कुठे आहेत? तुझी पद्धत बरोबरच होती. झाकण चुकीचं आहे, हेच ती सांगत होती."

दुकान दुपारीच बंद झालं होतं. खारीनं फळीवरचा डबा उतरवला, खळखळ उपसला आणि तळातून तसंच तीन दातांचं टोपण काढलं. "दोन वर्षांपूर्वी टाकी बदलली ना, तेव्हाचं."

"तू कधी काही टाकतेस का गं?" बाबा म्हणाला, पण ड्रिल त्यानंच आणून दिलं.

दुकानाच्या झाकणाची तोटी आम्ही काढली, जुन्या टोपणाला मधोमध भोक पाडलं, तोटी वायसरसकट त्यात घट्ट आवळली. टोपण पाव फेऱ्यात बसलं. तेल भरण्याआधी नुसती हवा मारून वर साबणाचं पाणी लावलं. तोटीशी एक बुडबुडा फुगला. खारीनं नट आणखी आवळला. बुडबुडा पुन्हा आला नाही.

मग तेल. सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात केली. पारदर्शक नळीतून बुडबुडे निघत होते, थांबत होते, पुन्हा निघत होते. शेवटच्या चाकाशी नळीत नुसतं स्वच्छ तेल उरलं.

"बाबा, ये," खार म्हणाली.

तो गाडीत बसला. त्यानं पेडल दाबलं. पुन्हा दाबलं, आणि पाय तसाच रोवून मनात तीसपर्यंत मोजत बसला. ओठ हलताना दिसत होते. पेडल जागचं हललं नाही.

उतरण्याआधी त्यानं सीट खारीच्या उंचीइतकी पुढे ओढली आणि आरसाही तिच्यासाठी खाली वळवून ठेवला.