शेवंतीचे खोके

आमच्या गॅलरीतल्या लाईटचा एक नियम आहे. सगळ्यात शेवटी जो घरी येईल त्याने ती बंद करायची. बहारीनला झिंजमधल्या या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हापासूनचा हा नियम, आणि शेवटी येणारा बहुतेक आमचा हॅन्सेलच. तो मुहर्रकला विमानतळावर कामाला, त्याच्या शिफ्टचं काही खरं नसतं. खालच्या रस्त्यावरून लाईट दिसली की त्याला कळायचं, मम्मीने ताट झाकून ठेवलंय.

सप्टेंबरपासून मात्र ती लाईट रात्रभर चालू राहू लागली. संध्याकाळी मी लावायची आणि उजाडल्यावर मीच बंद करायची, कारण शेवटी येणारा आलेलाच नसायचा. ताटही मी झाकून ठेवायची. सकाळी तेच गरम करून खायची आणि खाताना नवऱ्याकडे रागाने बघायची.

भांडण बापलेकांचं. वसईला मुलगी पाहिली, बोलणी झाली, हॉल ठरला, आणि हॅन्सेलने लग्नाला नाही म्हटलं. “आय कान्ट, पप्पा,” एवढंच. आमचा मुलगा मराठी सगळं समजतो, उत्तर इंग्रजीत देतो. इलायसने मुलीच्या बापाला शब्द दिलेला. माझा नवरा एरवी गरीब माणूस, हॉटेलच्या स्टोअरमध्ये इतकी वर्षं काढली पण कुणाशी वर आवाज केला नाही. त्या दिवशी मात्र म्हणाला, “माझ्या घरात पुन्हा पाय ठेवू नकोस.” हॅन्सेलने बॅग भरली आणि मुहर्रकला मित्राच्या खोलीवर गेला. फोनवर माझ्याशी बोलायचा. घरी ये म्हटलं की म्हणायचा, पप्पा बोलावतील तेव्हा. आणि पप्पा तर त्याचं नावही काढत नव्हते. नाताळला तरी पोरगं घरात असेल की नाही, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला होता.

ऑक्टोबर आला तशी इलायसची बाग सुरू झाली. थंड देशांत म्हणे पानं गळायला लागली की बागा आवरून ठेवतात. इथे सगळं उलटं. उन्हाळ्यात बहारीनच्या गॅलरीत निवडुंगसुद्धा नको म्हणेल. ऊन मवाळ झालं की मग आम्ही माती उकरायची, मेथी-कोथिंबीर पेरायची, रंगाच्या रिकाम्या डब्यांत टोमॅटो लावायचे. आणि शेवंती बाहेर काढायची. ही शेवंती इलायसच्या आईच्या वाडीतली. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, कपड्यांच्या मधे दडवून त्याने फांद्या आणल्या होत्या. तेव्हापासून दर उन्हाळा ती आमच्या बाथरूममध्ये खिडकीशी काढते आणि आम्ही तिच्यापासून अंग चोरून आंघोळी करतो. नाताळला घरात बाळ येशूचा गोठा मांडतो, त्याला फुलं तिचीच.

दर वर्षी त्या कुंड्या बापलेक मिळून गॅलरीत नेत. एकाने पुढे, एकाने मागे धरायचं आणि दोघांनी एकमेकांना सूचना करायच्या. या वर्षी इलायसने एकट्याने त्या फरशीवरून सरकवत नेल्या. मी हात लावला नाही. मला राग होता.

मग त्याने नवीनच खूळ काढलं. हॉटेलमधून सफरचंदांचे मोठे खोके आणले आणि रोज सूर्य बुडाला की एकेका कुंडीवर एकेक खोका पालथा घालू लागला. सकाळी कामावर जायच्या आधी ते उचलायचे, संध्याकाळी पुन्हा झाकायचे. मी विचारलं, हे काय? तर म्हणाला, थंडी. इथे नोव्हेंबरात अजून पंखा लागत होता.

“झाडांना थंडी वाजते आणि पोराला वाजत नाही का?” मी विचारलं.

त्याने वाकून खोका नीट बसवला आणि आत गेला. त्या रात्री मी लाईट लावली तेव्हा बटण जरा जोरातच दाबलं.

डिसेंबर उजाडला, पहाटे गार वारा सुटायला लागला, मी कपाटातून शाली काढल्या. अशाच एका सकाळी खोका उचलताना इलायसच्या कमरेत उसण भरली. दोन दिवस त्याला कूसही बदलता येईना. मी शेक दिला, मलम चोळलं, चोळताना बोलायचं तेही बोलून घेतलं. पण ऊन उतरायला लागलं तशी त्याची चुळबूळ सुरू झाली. सारखा गॅलरीच्या दाराकडे बघायचा. शेवटी म्हणाला, “कॅथरीन, ते खोके घालशील का? लाईट लावायच्या आधी.”

मी म्हटलं, लाईटचा इथे काय संबंध? तेव्हा त्याने सांगितलं. वसईला त्यांच्या शेवंतीच्या मळ्याकडेने रस्ता गेला आणि रस्त्यावर दिवे लागले. दिव्याखालच्या ओळीला त्या हिवाळ्यात कळीच धरली नाही. पानं हिरवीगार, फूल एक नाही. शेवंतीला रात्र पुरी अंधारी लागते, मगच ती फुलावर येते. इतकी वर्षं हॅन्सेल येऊन लाईट बंद करायचा, म्हणून आमच्याकडे फुलं यायची.

मी पलंगाच्या कडेला बसले. म्हणजे दोन महिने हा माणूस वाकून वाकून खोके घालत होता ते माझ्या लाईटपायी. मी म्हटलं, “मग लाईट बंद कर म्हणायचं ना मला. एका शब्दाचं काम होतं.”

“ती बंद करायची नाही,” इलायस म्हणाला. तोंड भिंतीकडे होतं त्याचं. “शेवंतीला खोका चालतो. पोरगा खालून गेला तर त्याला लाईट दिसली पाहिजे. येईल तेव्हा तोच करील बंद.”

मला रडू फुटलं. मी इतके दिवस समजत होते की या घरात पोराची वाट मी एकटीच बघतेय. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, मलमाने चिकट झालेल्या पाठीवर, आणि म्हटलं, मग एक फोन करा त्याला. तो म्हणाला, मी कुठल्या तोंडाने करू? ते काही त्याच्याच्याने होणार नव्हतं. वसईची माणसं आम्ही, शब्द देतो तोही मागे घेता येत नाही आणि रागाने बोललेलाही नाही.

मी गॅलरीत गेले. खोके घालण्याआधी वाकून पाहिलं, तर पानांच्या बेचक्यांत हिरव्या, मिरीएवढ्या कळ्या होत्या, काहींच्या टोकाला पिवळा रंग दिसत होता. सगळे खोके घातले आणि मग लाईट लावली. त्या उजेडात फोटो काढला आणि हॅन्सेलला पाठवला. खाली लिहिलं, शेवंतीला अंधार हवा म्हणून पप्पा रोज हे झाकतात. मला लाईट बंद करू देत नाहीत. तुला दिसावी म्हणून.

त्याने पाहिलं. उत्तर आलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मी इलायसला काही सांगितलं नाही. संध्याकाळी खोके घातले, लाईट लावली, ताट झाकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शाल घेऊन लाईट बंद करायला गेले तर गॅलरीत अंधुक होतं. आधी वाटलं, ट्यूब गेली. बटणावर हात ठेवला तर बटण बंद होतं. ओट्यावर ताट रिकामं, धुऊन पालथं घातलेलं. त्याच्याकडची चावी मी कधी मागून घेतली नव्हती, हे तेव्हा आठवलं.

हॅन्सेल गॅलरीत कुंड्यांपाशी उकिडवा बसला होता, अंगात विमानतळाचं जाकीट तसंच. एक खोका काढून झाला होता, दुसऱ्याला हात घातला होता. माझ्या मागून इलायस कमरेवर हात ठेवून, भिंतीला धरत आला आणि दारात थांबला. बापाला बघून हॅन्सेल तसाच राहिला, खोका अर्धा वर उचललेला. मी मधे काही बोलले असते तर बिघडलं असतं, म्हणून पदर तोंडाशी धरून उभी राहिले.

“हळू उचल,” इलायस म्हणाला. “कळ्या आहेत.”

“हो पप्पा,” हॅन्सेल म्हणाला. मराठीत.

त्या संध्याकाळी सगळे घरात होते. लाईट लावायचं काही कारण नव्हतं, त्यामुळे खोक्यांचीही गरज नव्हती. तरी सूर्य बुडाल्यावर बापलेक गॅलरीत गेले, बाप दारातून सूचना देत होता, लेक वाकून एकेक खोका घालत होता. मी आतून बघत होते, मग तीन ताटं वाढायला घेतली.