वीस पावलं मागे

फिरत्या बाईंच्या वाट्याला पाच शाळा होत्या. ज्या शाळेत न दिसणारं मूल असेल तिथे जायचं, त्याच्या हातात पांढरी काठी द्यायची आणि त्याला एकट्याने चालायला शिकवायचं, एवढंच काम. "एवढंच" म्हणणाऱ्याने डोळ्यांना पट्टी बांधून स्वतःच्या घरातलं न्हाणीघर शोधून दाखवावं, असं बाई म्हणायच्या.

भिंगरी त्यांच्याकडे आली तेव्हा बारा वर्षांची होती. तापात डोळे जाऊन वर्ष झालेलं. एका जागी ठरत नाही म्हणून मामाने जिला भिंगरी म्हटलं, ती पोर वर्षभर पलंगाच्या कडेला बसून होती. आता आई तिला हाताला धरून शाळेत बाकावर आणून बसवायची आणि शाळा सुटली की हाताला धरून न्यायची. बाप शिंपी. पहिल्याच दिवशी तो कुरकुरला, "बाई, काठी दिली की सगळ्या गल्लीला कळणार."

"गल्लीला कधीच कळलंय," बाई म्हणाल्या. "कळायचं राहिलंय ते तुम्हाला."

आधी शाळेचा व्हरांडा, मग जिना, मग फाटक. उजवं पाऊल पुढे तेव्हा काठी डावीकडे, डावं पुढे तेव्हा उजवीकडे. एकदा भिंगरी विजेच्या खांबाला धडकली आणि "माफ करा काका" म्हणाली. मग काठीने चाचपून पाहिलं आणि इतकी हसली की खाली बसली. डोळे गेल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती, हे आईने नंतर सांगितलं.

दोन वर्षांनी घरापर्यंतचा रस्ता तिला पाठ झाला. छापखान्याची खडखड आली की डावीकडे वळायचं, चप्पलवाल्याच्या कातड्याचा वास आला की कडेला सरकायचं. मग तो दिवस ठरला. फाटकाशी बाई म्हणाल्या, "मी वीस पावलं मागे असेन. बोलणार नाही, हात लावणार नाही. पण जिवावरचं काही दिसलं तर ओरडेन. ओरडले की जागच्या जागी थांबायचं."

"नाही ओरडलात तर?"

"तर समजायचं, वाट मोकळी आहे."

छापखान्यापर्यंत सगळं सुरळीत झालं. तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. कचेरीतला कारकून होता, पाचही शाळांच्या हजेरीचा तक्ता आत्ताच्या आत्ता हवा होता. बाईंनी पिशवीतून वही काढली आणि खाली मान घालून आकडे सांगू लागल्या. पुढे पाइपासाठी सकाळीच चर खणला होता आणि त्यावर एक फळी टाकली होती. भिंगरीच्या काठीला लाकूड लागलं, तिने दोनदा ठोकून पाहिलं, भक्कम वाटलं म्हणून पाय टाकला. फळी कलंडली. बाईंनी मान वर केली तेव्हा रस्त्यावर काठी होती, मुलगी नव्हती.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात शिंप्याने विचारलं, "तुम्ही कुठे होतात?"

"मागेच होते," बाई म्हणाल्या. ते खोटं नव्हतं, आणि खरंही नव्हतं. मुख्याध्यापकांनी बाजूला घेऊन सांगितलं, "अहवालात मुलीने घाई केली, असं लिहा. उगाच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ नका." बाईंनी कागद घेतला, पण आठ दिवस तो कोराच राहिला.

नवव्या दिवशी त्या भिंगरीच्या खाटेशी बसल्या होत्या. आई कपडे वाळत घालायला गेली होती. भिंगरी हळूच म्हणाली, "बाई, माझंच चुकलं."

"तुझं काय चुकलं?"

"तुम्ही ओरडला असाल ना. मला ऐकूच आलं नाही. तेव्हापासून तेच आठवत पडलेय. आता कानपण जाणार का हो माझे?"

"तुझे कान धड आहेत," बाई म्हणाल्या. "मी ओरडलेच नाही. मी फोनवर होते. बघतच नव्हते."

भिंगरीने चेहरा भिंतीकडे वळवला. "मग हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?" एवढंच विचारलं.

त्याच दुपारी बाईंनी कागदावर सगळं खरं लिहून दिलं. नोकरी गेली नाही. हे काम करायला दुसरं कोणी नव्हतंच. पण कचेरीतून हुकूम निघाला: यापुढे एकाही मुलाला फाटकाबाहेर शिकवायचं नाही. दुसऱ्या शाळेतली एक मोठी मुलगी पुढच्या महिन्यात एकटी कॉलेजात जाणार होती. तिच्या वडिलांनी हुकूम वाचला आणि प्रवेश रद्द केला. खरं बोलण्याची किंमत अशी भलत्याच पोरीने मोजली.

पाच महिन्यांनी भिंगरी शाळेत आली, लंगडत, आईच्या हाताला धरून. बाई व्हरांड्यात पुढे झाल्या. "व्हरांड्यापासून पुन्हा सुरू करू या का?"

"करायचंय मला," भिंगरी म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते बोलणं बाईंना जास्त लागलं. "पण तुमच्याबरोबर नाही, बाई. दुसरं कोणीतरी पाठवा."

बाईंनी दुसऱ्या शिक्षिकेसाठी कचेरीला अर्ज केला. जागा मंजूर नाही, असं उत्तर आलं. पुढच्या महिन्यात त्यांनी पुन्हा अर्ज केला, मग पुन्हा. भिंगरीची दहावी झाली तोवर अर्जांचा गठ्ठा झाला होता. निकालाच्या दिवशी आईने तिला हाताला धरून आणलं आणि हाताला धरून नेलं.