रुमालाखालचा हात

बाबासो मुकादमाने कासिमशेठच्या गाळ्यात काय काय नाही उचललं? आंब्याच्या पेट्या तर झाल्याच, पण गाळ्याचं लोखंडी कपाट, शेठच्या लेकीची सायकल, आणि एकदा पेट्यांच्या थप्पीवर झोपून गेलेली ती लेकसुद्धा त्याने खांद्यावर टाकून घरी पोचवली होती. साताऱ्याकडून आलेल्या माथाडींची टोळी, टोळीचा तो मुकादम, आणि वाशीच्या फळबाजारात त्याच्या शब्दाला वजन. फक्त एका जागी त्याचा हात कधी पोचला नव्हता. रुमालाखाली.

हे रुमालाचं प्रकरण बाजाराबाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. आंब्याचा भाव तिथे जुनी माणसं तोंडाने बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा समोरासमोर बसतात, हातांवर रुमाल टाकतात आणि खाली एकमेकांची बोटं दाबून भाव करतात. कुठलं बोट, कुठलं पेर, किती दाब, याचा हिशेब त्यांचा त्यांना ठाऊक. वर तोंडाने पोराच्या लग्नाच्या गोष्टी चाललेल्या असतात आणि खाली भाव तुटत असतो. शेजारी उभ्या माणसाला शेवटपर्यंत पत्ता लागत नाही. कासिमशेठ श्रीवर्धनकडचे कोकणी मुसलमान, त्यांच्यासमोर गुजराती बसो, मारवाडी बसो, नाहीतर पुण्याकडचा मराठा, ते म्हणायचे, "रुमालाखाली हात नसतो, भाव असतो." हमालाला मात्र ही बोटांची भाषा कोणी शिकवत नाही, आणि हमालही विचारायला जात नाही. ज्याची त्याची पायरी, असं बाबासो मानत आला होता.

यंदा हंगामाच्या तोंडावर कासिमशेठना लकव्याचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात गेला. जीभ जड झाली, डोकं मात्र जागच्या जागी राहिलं. पण भाव करणारा हातच गेल्यावर आंबा विकायचा कोणी? गाळ्यावर पाटी होती 'कासिम अँड सन्स'. ती शेठनी लग्नाआधीच हौसेने रंगवून घेतलेली. पुढे झाली एकच लेक, आणि पाटी बदलायची राहून गेली. ही लेक सबिहा. न्हावा शेवाला एका कंपनीत कंटेनरची कागदपत्रं सांभाळायची. ती नोकरी सोडून गादीवर येऊन बसली. डोक्याला स्कार्फ, डोळ्याला चष्मा, आणि आवाज असा की टेम्पोवाले आपणहून हॉर्न बंद करत. बोटांची भाषा तिला येत होती. लहानपणी तापाने पडली की अब्बा उशाशी बसून चादरीखाली तिच्याशी तोच खेळ खेळायचे.

घरात मात्र यावरून रामायण झालं. तिचे मामा खुर्शीद यांचं म्हणणं, परक्या मर्दांच्या हातात हात देणं आपल्या घराण्यात कोणा बाईने केलेलं नाही, आणि आता सुरुवात नको. कासिमशेठनी पलंगावरून जड जिभेने त्यांना रुमालाखाली भाव असतो हे आपलं ठरलेलं वाक्य ऐकवलं, पण मामा कसले ऐकतात. शेवटी तोडगा निघाला. पहिली मोठी गाडी सबिहाने विकून दाखवावी. शुक्रवारी नमाज आटोपून मामा बाजारात येतील. माल पडून असला तर गाळा मामांकडे, आणि सबिहाने मुकाट घरी बसायचं.

बुधवारी श्रीवर्धनहून गाडी आली. बागवाल्यांनी कासिमशेठच्या नावावर, डोळे मिटून पाठवलेला माल. टोळीने थप्प्या लावल्या, वरच्या पेट्यांतलं गवत बाजूला सारलं आणि सगळी गल्ली वासाने भरून गेली. सबिहाने रुमाल मांडीवर घेतला. गिऱ्हाइकं येत, आंबा उचलत, हुंगत, मान डोलवत. तिने रुमाल पुढे केला की मात्र कुणाला फोन यायचा, कुणाला उभी केलेली गाडी आठवायची. तिने मग भाव सरळ तोंडाने सांगून पाहिला. उघड भावात घेतलं तर शेजारचाही तोच मागेल, म्हणून तेही कोणाला नको. मोबाईलवर भाव पाठवून पाहिला, तर म्हातारे व्यापारी तो वाचून दाखवायला नातू शोधत बसले. एकाने भल्या मनाने सल्ला दिला की गादीवर एखादा माणूस बसवा. सबिहाने त्याला शांतपणे विचारलं, मग आत्ता कोण बसलंय?

रावसाहेब हे पुण्याकडचे मोठे खरेदीदार, पांढऱ्या मिशांचे, कासिमशेठचे जुने दोस्त. त्यांनी बाबासोला थप्पीमागे नेऊन मनातलं सांगितलं.

"मुकादम, पोर गुनाची हाय. पन तिचा हात धरायचा म्हंजे कसं दिसतं? त्यात मुसलमानाची लेक. कुनी व्हिडिओ काढला आन् खाली भलतंसलतं लिहून गावभर फिरवला, तर ह्या वयात मी तोंड कुठं लपवू?"

बाबासोला राग आला, पण रावसाहेब माणूस वाईट नव्हता, आणि आजकाल कोण कुठून मोबाईल काढेल याचा नेम नाही हेही खरंच होतं. मामा म्हणतात परक्या मर्दाचा हात, रावसाहेब म्हणतात परक्याच्या लेकीचा हात. दोन टोकांची दोन माणसं, कधी एका ताटात जेवली नसतील, पण इथे मात्र दोघांचं अगदी जमलं होतं!

बाबासोने रात्रभर डोकं खाजवून एक उपाय काढला, आणि तो त्याला फार नामी वाटला. हाताला हात लागतो ही अडचण ना? मग हात झाकू. त्याची बायको सत्यभामा वाकळा-गोधड्या शिवण्यात तरबेज. तिला त्याने कोपरापर्यंत येणारा एक मऊ हातमोजा शिवायला सांगितलं. तिने सगळी हकिकत ऐकून घेतली, सुई ओवली आणि म्हणाली,

"शिवते. पन लाज वाटतीया तुमा बाप्यांना, आन् हात झाकायचा तिचा? मोजा तुमी घाला की."

बाबासोने ते हसण्यावारी नेलं. गुरुवारी सबिहाने मोजा चढवला, बोटं हलवून पाहिली आणि इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाली, काका, यात करंगळी आणि अंगठा एकच लागतात, एका पेटीच्या भावात अख्खी गाडी जाईल. मग तिने तो मोजा नीट घडी घालून गल्ल्यात ठेवला, एखादा दागिना ठेवावा तसा. हसू ओसरल्यावर ती थप्प्यांकडे बघत राहिली. फळ पिवळं पडायला लागलं होतं.

"मला आंबा विकता येतो, काका," ती हळूच म्हणाली. "फक्त पहिला हात पाहिजे. पहिलं व्हायला कोणी तयार नाही."

त्या संध्याकाळी बाबासो घरी परतला तरी सत्यभामेचं बोलणं त्याच्या डोक्यातून जाईना. पोरीचा हात झाकायला निघालेल्यांत तोही होता की. खांद्यावर खेळवलेल्या पोरीचा हात झाकायला! त्याला स्वतःचीच चीड आली, आणि मग एक विचार आला. तो इतका वेडगळ होता की सत्यभामेलाही त्याने सांगितला नाही.

शुक्रवारी सकाळी टोळी कामाला लागली तर मुकादमाचा पत्ता नाही. थोड्या वेळाने आला तो जत्रेला घालायचा पांढरा सदरा आणि टोपी घालून. रोज तो गाळ्यात मागच्या बाजूने शिरायचा. आज पुढून आला. चपला काढल्या आणि गादीवर, सबिहाच्या समोर, खरेदीदाराच्या जागी मांडी घालून बसला. आजूबाजूच्या गाळ्यांतून माना वळल्या.

"एक पेटी पायजे," तो म्हणाला.

सबिहाला वाटलं, गंमत करतायत. पेटी घरी पाठवते म्हणाली. बाबासोने मान हलवली. फुकटची नको, रीतसर भाव करून पाहिजे, असं त्याने गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं आणि हात पुढे केला. तेव्हा त्याला स्वतःचा तो हात दिसला. पेट्यांच्या पट्ट्यांनी कापलेला, नखं काळी पडलेला, आयुष्यात कधी त्या गादीवर न टेकलेला. तो मागे घ्यावासा वाटला. लाज कुणाच्या हाताची होती ते त्याला आत्ता उमगलं. पण सबिहाने तोवर रुमाल टाकला होता.

बाबासोने मनाशी ठरवलं होतं. कुठलं बोट म्हणजे किती, हे आपल्याला ओ की ठो कळत नाही. ती दाबेल ते दाबेल, आपण विचार केल्यासारखं करायचं, एकदा नकार द्यायचा, मग मान डोलवायची. तो वाट पाहत राहिला. बोट काही दाबलं जाईना. रुमालाखाली सबिहाचा हात थंडगार पडला होता. वर ती ताठ बसलेली, चेहऱ्यावरची रेष हललेली नाही. दोन दिवस अख्ख्या गल्लीला तोंड देणारी ती पोर आतून इतकी घाबरलेली असेल, हे कुणाच्या गावीही नव्हतं. तिने त्याचा हात अख्खाच्या अख्खा मुठीत घेतला आणि घट्ट धरला. लहानपणी ट्रकांच्या गर्दीतून रस्ता ओलांडताना धरायची, अगदी तसा. बाबासोने तो तितकाच घट्ट धरला. त्याचे डोळे भरून आले ते त्याला आवरले नाहीत.

"झाला सौदा," सबिहा म्हणाली आणि तिने रुमाल उचलला.

आता बाजाराची जात बघा. बाईच्या हाताची लाज वाटणारी माणसं दोन दिवस लांब उभी होती; पण मुकादमाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि भाव कोणालाच कळला नाही, म्हटल्यावर त्यांना उभं राहवेना. कोणी म्हणे, मातीमोल भावात दिली म्हणून गहिवरला. कोणी म्हणे, सोन्याच्या भावात गळ्यात मारली म्हणून रडला. बाबासो टोपी सारखी करत उठला आणि ज्याने त्याने गाठल्यावर एकच सांगत राहिला, रुमालाखालचं रुमालाखाली. व्यापारी एक वेळ जेवणाचा डबा विसरेल, पण दुसऱ्याला काय भावात मिळालं हे कळल्याशिवाय त्याला घास गिळवत नाही.

रावसाहेबांनी दोन चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेला ते घसा खाकरत गादीवर टेकले. वर छपराच्या पत्र्याकडे बघत हात असा पुढे केला की जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. रुमाल पडला. सबिहाचा चेहरा आता वेगळा होता. क्षणभरात रावसाहेबांच्या भुवया वर गेल्या, मान नकारात हलली, खांदा पुढे आला. ते पत्र्याकडे बघायचं विसरले, समोर कोण बसलंय तेही विसरले. चांगली झटापट झाली. समोरच्या गाळ्यातून एकाने खरोखरच मोबाईल काढून धरला, तेव्हा रावसाहेब तिकडे न बघताच म्हणाले,

"काढ की. भाव दिसतोय का बघ त्यात."

गल्ली हसली, आणि त्या हसण्याबरोबर दोन दिवसांचं काहीतरी गळून पडलं. उठताना रावसाहेब बाबासोला म्हणाले की हिची बोटं थेट बापाची आहेत, दमडी सोडत नाहीत. मग रांगच लागली.

नमाजनंतर खुर्शीदमामा आले तेव्हा थप्प्यांच्या जागी नुसतं गवत उरलं होतं. आता उद्याच्या गाडीसाठी भाचीचा हात रुमालाखाली एका व्यापाऱ्याच्या हातात होता, आणि व्यापाऱ्याच्या कपाळाला घाम आला होता. मामा बराच वेळ बघत उभे राहिले. ते खूश होते असं म्हणवत नाही. पण बोलले ते एवढंच की पाटीवरचा रंग उडालाय, नवीन रंगवायला टाकाल तेव्हा 'सन्स' काढा, उगाच खोटं कशाला.

संध्याकाळी बाबासो जुईनगरला शेठच्या घरी गेला. सबिहा आत चहा ठेवत होती. कासिमशेठ पलंगावर पडून होते, पण बाजारातून चार फोन आधीच येऊन गेले असावेत. बाबासो टेकतो न टेकतो तोच त्यांनी विचारलं,

"बोहनी... कितीला?"

बाबासो घुटमळला. या माणसाशी तो आजवर खोटं बोलला नव्हता. त्याने चादरीखाली हात घातला, शेठचा तो गेलेला उजवा हात शोधला आणि अख्खा मुठीत घेऊन घट्ट धरला. बोट एकही दाबलं नाही.

"शेठ, तुमी म्हनायचा तसं न्हाई झालं," तो म्हणाला. "भाव न्हवताच. नुसता हात व्हता."

कासिमशेठनी चादरीखालच्या त्या हातांकडे पाहिलं. गादीवर बसायच्या आधी लेकीने त्यांच्याजवळ भीतीचा एक शब्दही काढला नव्हता, आणि त्यांनीही विचारलं नव्हतं; पण घाबरली की तिचा हात गार पडतो, हे बापाला लहानपणापासून ठाऊक होतं. त्यांचे ओठ हलले.

"थंड होता?"

"व्हता," बाबासो म्हणाला. आतून कपबशांचा आणि फोनवर बागवाल्यांशी उद्याच्या गाडीचं बोलणारा सबिहाचा आवाज येत होता. "आता ऊन हाय, शेठ."